संत्र्याचं कलम विकत आणू नका, खुंट बियांपासून घरीच वाढवा: पटतंय का?

रामबागचं अंगण:
इंदूरात आपल्या लोकांच्या मागच्या अंगणात एक लिंबाचं झाड असतंच, हल्ली संत्रा-मोसंबीपण लावतात. माझं म्हणणं असं की तयार कलम आणणं थांबवा, जंबेरीची नाहीतर रंगपूर लिंबाची (दोन्ही आंबट, काटक जाती) बी मिळवा, खुंट म्हणजे खालचं मुळाचं रोप घरी वाढवा आणि त्यावर डोळा, म्हणजे हव्या त्या झाडाचा अंकुर, स्वतः भरा. आमच्याकडे काय झालं ते सांगतो. आठ वर्षांपूर्वी एका नर्सरीतून नागपुरी संत्र्याचं कलम आणलं, खुंट आणि डोळा जिथे जुळतात तो जोड पार मातीला टेकलेला होता, मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं म्हणून तसंच लावलं. दोन उन्हाळ्यांत वरची फांदी वाळली आणि खालून जोरदार काटेरी फुटवे आले, आम्ही खूश की झाड सावरलं. सहाव्या वर्षी फळ धरलं ते खडबडीत जाड सालीचं, आंबटढाण. म्हणजे संत्रा कधीच मेला होता आणि आम्ही जंबेरीला पाणी घालत होतो. आईने सहा वर्षं रोज सकाळी त्या झाडाला बादली ओतली हो. खुंट कोणता, डोळा कोणत्या झाडाचा, हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर ते रोप का घ्यायचं?

संत्रावाला पांढुर्णा:
दादा, वाईट वाटलं वाचून. पण दोष कलमाचा नाही, देखरेखीचा आहे, स्पष्ट बोलतो. आमची पांढुर्ण्याला संत्र्याची बाग आहे, मी नोकरीला इंदूरात. जोडाच्या खालून जे फुटतं ते दिसल्याबरोबर हाताने मोडायचं, पहिली दोन वर्षं तर दर पंधरा दिवसांनी बघायचं. आणि जोड जमिनीपासून वीतभर तरी वर हवा. तुम्ही घरी केलेल्या कलमालाही खालून फुटवे येणारच ना? शेंदुरजना घाटच्या पन्हेरीवाल्यांचे, म्हणजे रोपं तयार करणाऱ्यांचे, हात पिढ्यान्‌पिढ्या डोळे भरतायत, ते काम तुम्ही यूट्यूब बघून कराल का?

रामबागचं अंगण:
फुटवे काढायचे राहिले ही माझी चूक, मान्य. पण भाऊ, मी यूट्यूबवर बोलत नाहीये, तीन वर्षं करून बघितलंय. दर वर्षी १२ डोळे भरले. पहिल्या वर्षी २ लागले. दुसऱ्या वर्षी ५. यंदा ९. पेन्सिलीएवढा जाड खुंट, सालीला उलटा टी काप म्हणजे पाणी आत जात नाही, डोळा सरकवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचा. डोळकाडीची, म्हणजे जिच्यावरून डोळे घेतो त्या फांदीची, पानं कापताना देठ ठेवायचा, दोन-तीन आठवड्यांनी त्याला बोट लावलं आणि तो अलगद गळून पडला तर डोळा लागला, वाळून चिकटून बसला तर गेला. साल सहज सुटत असेल तेव्हाच करा, आपल्याकडे फेब्रुवारीत थंडी ओसरली की सुटायला लागते.

सुदामानगरच्या काकू:
मला कळतच नाही एवढा खटाटोप कशाला. माझं कागदी लिंबू बीचं आहे, वीस वर्षं झाली, ना कलम ना डोळा, आख्ख्या गल्लीला लिंबं पुरतात. लोक म्हणतात बीचं झाड आईवर जात नाही, माझं तर अगदी तसंच निघालं.

संत्रावाला पांढुर्णा:
काकू, कागदी लिंबाचं तुमचं बरोबर आहे, ते बीपासूनच लावतात. त्याच्या एका बीत बरेचदा दोन-तीन गर्भ असतात आणि त्यातले बहुतेक नुसत्या आईच्या पेशींपासून झालेले, परागाचा संबंध नाही, म्हणून झाड हुबेहूब येतं. जंबेरी आणि रंगपूरचंही तसंच, म्हणून तर त्यांचे खुंट एकसारखे मिळतात. पण पपनस किंवा महाळुंगाच्या बीत एकच गर्भ, तिथे काय निघेल भरवसा नाही. आणि संत्रा बीचा लावला तर फळाला सात-आठ वर्षं, काटे वेगळेच.

भाड्याच्या घरातली:
मला दर दोन-तीन वर्षांनी घर बदलावं लागतं, माझ्यासारखीने आधी वर्षभर खुंट वाढवायचा, मग डोळा भरायचा, मग फळाला अजून तीन-चार वर्षं? तयार कलमाने मोठ्या कुंडीत तिसऱ्या वर्षी फूल दिलं, घर बदललं तेव्हा कुंडी टेम्पोत घालून नेली. सगळ्यांनी आणणं थांबवा असं सरसकट नका सांगू दादा, नाहीतर आमच्यासारख्यांकडे झाडच राहणार नाही.

वनस्पतीरोग शिकतेय:
मला खरी भीती डोळकाडीची वाटते. ग्रीनिंग आणि ट्रिस्टेझा हे संत्रा-लिंबाच्या झाडांचे दोन्ही घातक रोग डोळ्यातून पुढच्या झाडात जातात, आणि शेजाऱ्याचं झाड नुसतं बघून निरोगी ठरवता येत नाही. ब्राझील-अर्जेंटिनात १९३०-४० च्या काळात आंबट नारिंगाच्या खुंटावरची लाखो झाडं ट्रिस्टेझाने वाळली, मग ब्राझीलने रंगपूर खुंट धरला. बीतून ट्रिस्टेझा येत नाही, म्हणून खुंट घरी वाढवायला माझी काहीच हरकत नाही. पण डोळा आणायचा तो तपासलेल्या मातृवृक्षाचा, नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेसारख्या ठिकाणचाच. शेजारून आणलेला डोळा म्हणजे अंगणात रोग बोलावणं. अजून एक, ग्रीनिंग पसरवणारा सायला नावाचा किडा मधुकामिनीवर पोसला जातो आणि इथे प्रत्येक बंगल्याला मधुकामिनीचं कुंपण आहे, कोवळी पालवी आली की दोन्ही झाडं बघत जा.

रामबागचं अंगण:
डोळकाडीचा मुद्दा मी आधीच लिहायला हवा होता. माझी काडी ओळखीच्यांच्या बागेतली, तपासलेली नाही. तेवढं मागे घेतो. खुंटाचं मात्र सोडणार नाही.

मालवी काळी माती:
अरे भिया, खुंट खुंट करताय पण मातीचं कोणी बोलेना. आपली काळी माती पावसाळ्यात आठ-आठ दिवस पाणी धरून बसते आणि जंबेरी तिथे डिंक्या रोगाला बळी पडते, बुंध्यातून डिंक गळतो, साल कुजते, झाड गेलं. जोमदार वाढते, मुळं खोल जातात, सगळं कबूल, पण हलक्या निचऱ्याच्या जमिनीत. इथे मी रंगपूरच सांगेन, आणि तेही उंचवट्यावर लावून. बुंध्याला पावसाआधी बोर्डो पेस्ट, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. खड्ड्यात कंपोस्ट, ज्या इंदूर पद्धतीचं नाव जगभर घेतात ती इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डसाहेबांनी १९२४ पासून इथेच राहून बसवली, आपल्या अंगणात मात्र पालापाचोळा अजून जाळतात, मला याचं फार वाईट वाटतं.

संत्रावाला पांढुर्णा:
रंगपूरला माझंही मत. पण मी अजून तेच म्हणतो, खात्रीची नर्सरी शोधा, खुंट विचारा, जोडाची उंची बघा, पिशवीत मुळांची गुंडाळी झालेली असेल तर रोप परत करा. बागेची गोष्ट सोडा, एका झाडासाठी तीन वर्षं डोळे वाया घालवणं मला पटत नाही.

रामबागचं अंगण:
तीन वर्षांत ३६ डोळे भरले, त्यातले २० गेले, ते शिकण्यात गेले. आता गल्लीतल्या चार घरांचे खुंट मीच वाढवतोय.

सुदामानगरच्या काकू:
बरं, रंगपूरची बी मिळाली तर मीपण चार लावून बघेन, कोणाकडे आहे का? आणि एका बीतून तीन कोंब आले तर कोणता ठेवायचा?

रामबागचं अंगण:
काकू, माझ्याकडे फळंच आहेत, रविवारी आणून देतो. बी काढल्यावर धुवा, सावलीत वरचं पाणी सुकेपर्यंतच ठेवा आणि लगेच पेरा, उन्हात वाळवून डबीत ठेवली तर उगवत नाही. तीन-चार आठवड्यांत कोंब दिसतील. एकच जोमाचा ठेवा, पण सगळी रोपं शेजारी शेजारी ठेवून बघा, एखादं पानाने वेगळं किंवा फारच खुजं दिसलं तर तेच बहुधा परागाचं असतं, ते काढा. वाकड्या मुळाचंही ठेवू नका.