तातडीचं: अण्णांच्या अमिगाला कुठली हार्ड डिस्क लावू?

प्रेषक: अण्णांची धाकटी, मुक्काम नौपाडा

नमस्कार मंडळी. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे, शनिवारी चाव्या द्यायच्या आहेत. माळ्यावरून अण्णांची अमिगा १२०० (त्यांचा जुना घरगुती कॉम्प्युटर) उतरवली. सोबत बुटांच्या दोन खोक्यांत ६० फ्लॉप्या आहेत. अण्णा ब्रिटनमध्ये असताना आपल्या मंडळासाठी केलेली गणपतीच्या व्हिडिओची टायटलं, नाटकांची पत्रकं, अण्णांनी डीपेंट या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये एकेक ठिपका मारून काढलेली मराठी अक्षरं, सगळं त्यांतच. लॅपटॉपला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावून पाहिला, तो एकही वाचत नाही. म्हणून अमिगातच हार्ड डिस्क बसवून सगळं तिच्यावर उतरवून घ्यायचं ठरवलंय.

यंत्र चालू होतं, फ्लॉपी घाला असं चित्र येतं. आत ४४ पिनांची आयडीईची, म्हणजे हार्ड डिस्क जोडायची, जागा रिकामी आहे. स्टेशनजवळच्या दुकानदाराने ३.५ इंची, ८० जीबीची डिस्क बाजूला काढून ठेवली आहे. लॅमिंग्टन रोडला ३२ जीबीचं सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड मिळतंय, तेही डिस्कच्या जागी चालतं म्हणे. काय घेऊ? उद्या दुपारपर्यंत सांगा.

---

प्रेषक: आप्पा

३.५ इंची अजिबात घेऊ नकोस. तिला १२ व्होल्ट वेगळे द्यावे लागतात, आणि १२०० चा मूळ पॉवर सप्लाय आधीच बेताचा. २.५ इंची लॅपटॉपवाली असेल तर ५ व्होल्टवर, त्याच केबलमधून चालते. माझ्या १२०० मध्ये तशी होती. सकाळी पहिल्यांदा चालू केली की डिस्क वेग घेईपर्यंत यंत्र वाट बघायचं नाही, फ्लॉपीच मागायचं. मग कंट्रोल आणि दोन्ही अमिगा बटणं दाबून पुन्हा सुरू केलं की सुरळीत. थंडीत रोजचं होतं ते.

सीएफला फिरणारं काही नाही. ३२ घे, मोठं असलेलं बरं.

---

प्रेषक: ऐरोलीचा दादा

आप्पा, ३.५ बद्दल पूर्ण सहमत. ३२ बद्दल नाही.

धाकटे, १२०० मध्ये किकस्टार्ट ३.० आहे, म्हणजे यंत्राच्या चिपमध्येच असलेलं मूळ सॉफ्टवेअर. त्यातला हार्ड डिस्कचा ड्रायव्हर आणि फाइल सिस्टिम जागा मोजतात ३२ बिटांत, बाइटच्या हिशोबाने. म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ बाइटपर्यंतच. त्यापुढे लिहायला गेलीस तर आकडा उलटून शून्यावर येतो आणि कार्डाच्या सुरुवातीलाच लिहिलं जातं. तिथे काय असतं? पार्टिशनचा, म्हणजे कार्डाच्या पाडलेल्या भागांचा, तक्ता आणि पहिलं पार्टिशन. यंत्र कसलीही तक्रार करत नाही, एक दिवस नुसतं बूट होत नाही.

आता गंमत बघ: कार्डावर ‘४ जीबी’ लिहितात तेव्हा ते साधारण ४०० कोटी बाइट असतात. म्हणजे ४ जीबीचं कार्ड अख्खंच्या अख्खं मर्यादेत बसतं, विचारच करायला नको. आणि तुला लागतंय किती? ६० गुणिले ८८० केबी, ५३ एमबीसुद्धा होत नाही.

यंत्राच्या आत बघितलंस का? बोर्डावर चकचकीत चिकट डाग किंवा माशासारखा वास असेल तर चालू ठेवू नकोस, कपॅसिटर गळतायत. १२०० च्या बोर्डावर बॅटरी नसते, ते एक बरं.

---

प्रेषक: खजिनदार

दादा, माहिती छान. पण एक स्पष्ट करून घेऊ. टायटलांच्या फ्लॉप्या मंडळाच्या खर्चातून आणलेल्या होत्या, जुन्या वहीत नोंद असणार. तेव्हा त्यांची प्रत आधी मंडळाकडे यावी, मग बाकीचं.

---

प्रेषक: माई

भाऊ, फ्लॉप्यांचं मला माहीत नाही, पण यंत्र अण्णांनी स्वतःच्या पगारातून घेतलं, १९९२ ला, ३९९ पौंडांना. वहिनींनी त्या दिवाळीत साडी घेतली नाही, हे मला त्यांनीच सांगितलं. टायटलांसाठी रात्र रात्र बसायचे, मंडळाकडून चहासुद्धा घेतला नाही. ती अक्षरं त्यांची आहेत. लेक देईल तेव्हा घ्या, आणि आभार मानून घ्या.

ते भारतात परत गेल्यावर ठाण्याच्या टीव्हीला जोडलं तर चित्र यायचं, आवाज नाही. अण्णा फार हळहळले होते. बिघाड झाला असेल तर दुरुस्तीला कोण आहे तिथे?

---

प्रेषक: आप्पा

माई, तो बिघाड नव्हे. पॅल म्हणजे टीव्हीच्या सिग्नलची पद्धत; ब्रिटनमधल्या पॅलमध्ये आवाज ६ मेगाहर्ट्झवर असायचा, भारतातल्या पॅलमध्ये ५.५ वर. अँटेनाच्या वायरने जोडलं की चित्र जुळतं, आवाज नाही. १२०० ला मागे कॉम्पोझिटचं (चित्राचं) आणि आवाजाचं वेगळं आउटपुट आहे. तीन वायरी लावल्या की झालं. हे अण्णांना तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

---

प्रेषक: अण्णांची धाकटी

वायरी लावल्या. आवाज आला. माई, तुमच्यामुळे कळलं.

आत वास नाही, डाग नाहीत. कार्डाचं असं झालं: लॅमिंग्टन रोडला जायला वेळ नव्हता, म्हणून गोखले रोडवर लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओत विचारलं. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यात सीएफच लागायचं. काकांनी ड्रॉवरमधून ४ जीबीची दोन काढून दिली, पैसे घेईनात. एक सीएफ-ते-४४ पिन अडॅप्टर ऑनलाइन मागवला, उद्या येतोय. आप्पा, ३२ चं घेतलं नाही, रागावू नका.

अडचण वेगळी आहे. अण्णांच्या खोक्यात वर्कबेंच (अमिगा सुरू करायची सिस्टिम) आहे, पण हार्ड डिस्क तयार करायची इन्स्टॉलची डिस्क नाही. आणि ९ फ्लॉप्यांची झडप सरकवल्यावर आत पांढरे ठिपके दिसतात.

---

प्रेषक: ऐरोलीचा दादा

ठिपके म्हणजे बुरशी. त्या ९ फ्लॉप्या ड्राइव्हमध्ये मुळीच घालू नकोस. हेड खराब होतं, आणि तीच बुरशी पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर घासली जाते. वेगळ्या पिशवीत भर, तोंड बंद कर.

कार्ड घेऊन माझ्याकडे ये. ट्रान्स-हार्बर पकड, ऐरोली स्टेशनवर घ्यायला येतो. लॅपटॉपवर अमिगाची नक्कल करणारं विनयूएई आहे, डिस्क तयार करायचं एचडीटूलबॉक्स आहे. इथेच दोन पार्टिशन पाडून फॉरमॅट करून देतो. मॅक्स ट्रान्सफरला (एका दमात किती डेटा न्यायचा ती मर्यादा) हेक्समध्ये १एफई०० घालायचं, ते विसरलं तर छोट्या फाइल नीट जातात आणि मोठ्या खराब होतात. मग घरी वर्कबेंचच्या फ्लॉपीवरून बूट कर, दोन्ही पार्टिशनं आपोआप दिसतील. कॉपीच्या आज्ञेत ऑल क्लोन लिही, म्हणजे फाइलींच्या जुन्या तारखा टिकतात.

दोन गोष्टी सांभाळ. अडॅप्टर लावताना पिन १ पिन १ वरच. ४१ आणि ४२ वरून ५ व्होल्ट येतात, उलटं लागलं तर कार्ड जाईल. आणि नंतर कार्ड लॅपटॉपला लावल्यावर विंडोज विचारेल, फॉरमॅट करू का? नाही म्हण. दर वेळी नाही म्हण.

---

प्रेषक: आप्पा

रागावलो नाही. ३२ चं घेऊन पहिल्या ४ जीबीतच पार्टिशन केलं असतं तरी चाललं असतं, एवढंच नोंदवतो. पण स्टुडिओचं कार्ड उत्तम.

---

प्रेषक: सचिव

खजिनदार आणि माई दोघांशी बोललो. फ्लॉप्या आणि यंत्र घरच्यांचं आहे. मंडळाच्या कार्यक्रमांची टायटलं तेवढी मंडळाला प्रत म्हणून मागू. या विषयावर आणखी टपाल नको, दिवाळी फराळाच्या याद्या अजून आलेल्या नाहीत.

---

प्रेषक: अण्णांची धाकटी

५१ झाल्या. मध्ये दोन वेळा रीड एरर आली, फ्लॉपी काढून पुन्हा घातल्यावर वाचली. दादाच्या लॅपटॉपवर कार्ड तपासून घेतलं, सगळं उघडतंय. दुसऱ्या कार्डावर त्याची प्रत करून घेतली.

अक्षरांची फाइल सापडली. ‘ळ’ चार वेळा काढलाय. तीन शेजारी शेजारी, प्रत्येकाची डावी गाठ जरा वेगळी, आणि चौथ्याखाली बारीक रेघ. टायटलांमध्ये तोच वापरलाय. ‘मंडळ’ या शब्दात तोच दिसतो. खजिनदारकाका, ती फाइल मी स्वतः पाठवते.

बुरशीच्या ९ दादाकडे ठेवल्या आहेत, तो डिस्क बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघणार आहे. माई, त्यांतल्या एकीवर ‘वहिनींसाठी’ असं लिहिलंय. तिकडे येताना यंत्र हातसामानातून आणतेय.