गावाच्या चित्रपटात नाव कोणाला असतं?

सत्तरीची
गेल्या आठवड्यात आईला घेऊन एक मराठी चित्रपट पाहिला. गोव्यातल्या खेड्याची गोष्ट म्हणून त्याची जाहिरात होती. भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, कौलारू घर, वाटणीवरून भांडणारे तीन भाऊ, मुंबईहून परतलेला धाकटा. कामं चांगली झाली आहेत, पाऊस तर फार सुंदर टिपलाय. पण धालोचा, म्हणजे बायकांच्या नाचगाण्याचा, प्रसंग आला आणि माझं मन उडालं.

आम्ही सत्तरी तालुक्यातले गावडे, गोव्यातली एक आदिवासी जमात. आमच्याकडे धालो पौषातल्या रात्री होतात. मांड, म्हणजे धालोची ठरलेली जागा, शेणाने सारवलेला, समोरासमोर बायकांच्या दोन ओळी, एकमेकींच्या कमरेला हातांची गुंफण. त्या रात्री मांडावर बायकांचंच राज्य असतं, पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही. चित्रपटात तेच धालो भर दुपारी, भाटकाराच्या अंगणात, आणि त्याचा मुलगा खांबाला टेकून बघतोय! बारा बायका नाचल्या. एकीलाही नाव नाही, एकीच्या तोंडी वाक्य नाही. मध्यंतरात आईने विचारलं, "ती पुढची उंच बाई कोणाची गे? तिचं काय होतं मग?" काय सांगू तिला?

2003 साली गोव्यातल्या गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. 2011च्या जनगणनेत राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमाती दहा टक्क्यांच्या आसपास आहेत. तरी पडद्यावर आम्ही फक्त नाचायला.

कॅमेऱ्यामागचा
ताई, धालो दुपारी दाखवणं चूकच. अशा चुका बहुतेक वेळा पैशापायी होतात. रात्रीचं चित्रीकरण म्हणजे जनरेटर, दिवे, जादा पाळी. लहान निर्मात्याचं कंबरडं मोडतं.

तुमचा मुख्य मुद्दा मात्र मला अजिबात मान्य नाही. गोष्ट तीन भावांची आहे, तर बोलणार तेच. प्रत्येक समाजाचा एकेक माणूस आणून बसवला की चित्रपटाची ग्रामसभा होते. एक धनगर येतो, एक माडाची सूर काढणारा रेंदेर येतो, एकेक वाक्य बोलून जातो. मी स्वतः असं एक पात्र लिहिलंय. त्या नटाने मला विचारलं होतं, "मी या प्रसंगात कशाला आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोजदाद पुरी करायला माणूस उभा करणं हा त्याचा जास्त मोठा अपमान.

सत्तरीची
दादा, मी मोजदाद मागतच नाही. गोष्ट भाटाच्या, म्हणजे बागायती जमिनीच्या, वाटणीची आहे ना? मग त्या भाटात मुंडकाराचं, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, घर नाही का? 1975च्या कायद्याने मुंडकाराला राहत्या घरातून हुसकावता येत नाही. वाटणीला बसलेल्या भावांसमोर पहिला पेच हाच येतो की मुंडकाराचं घर असलेला तुकडा कोण घेणार. चांगली दीड तासाची भांडणं झाली आणि हा विषय एकदाही निघाला नाही. ती माणसं बाहेरून आणायची नाहीत, ती याच कथेच्या पोटात आहेत.

पेडण्याचा
आमच्या घरी दशावतार. माझ्या काकांनी आयुष्यभर स्त्रीपार्ट केला, आणि गावातल्या बायका डोळे पुसत बघायच्या. म्हणून गावड्याची भूमिका गावड्यानेच करावी, असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. पण काका रोज सकाळी विहिरीवर बसून बायका घागर कशी उचलतात ते बघायचे. कंबर आधी वळते की मान, इथपर्यंत. ती मेहनत कोणी घेणार असेल तर भूमिका कुणीही करावी.

मडगावकर
ख्रिस्ती माणसांचंही बोला. 2011च्या जनगणनेत गोव्यात आम्ही चौथा हिस्सा आहोत. मराठी पडद्यावर आम्ही एकतर प्यायलेले, नाहीतर सायकलवर भोंगा वाजवत जाणारे पोदेर, म्हणजे पाववाले. आणि गाव बदललंय, हेही बघा. आमच्या वाड्यावर आज पाव घेऊन येणारा मुलगा कर्नाटकातला. शेजारच्या शेतात रोपणीला झारखंडचे मजूर होते. 2017च्या 'जुझे' या कोकणी चित्रपटाने परप्रांतातून आलेल्या कामगारांना मध्यभागी आणलं. मराठीत हे कधी?

कॅमेऱ्यामागचा
मुंडकाराच्या मुद्द्यावर मी गप्प झालो, ताई. खरंच तो पेच कथेतच होता. पण एक अडचण उरते. ती उंच बाई बोलली तर कोकणीतच बोलेल. मराठी चित्रपटात ते कसं चालायचं?

सत्तरीची
जसं घरात चालतं तसं. माझी आई कोकणी बोलते, भजन मराठी म्हणते, माझी चिठ्ठी मराठीत वाचते. तिला कधी अडलं नाही, प्रेक्षकालाही अडणार नाही. तिला कोकणीत बोलू द्या, पडद्याखाली मराठी ओळ द्या.

पुढची पटकथा लिहाल तेव्हा पौषात आमच्याकडे या. तुम्हाला मांडावर घेता येणार नाही. पण तुमच्या गटातली एखादी बाई असेल तर तिला पाठवा. आई तिला ओळीत आपल्या शेजारी उभी करेल.