डुकराचं हृदय (कलेजी नव्हे!) कसं शिजवायचं?

मिरजकरीण

नमस्कार मंडळी. ज्यांना "डुक्कर? शी!" असं लिहायचंय त्यांनी लगेच लिहून मोकळं व्हा. आईने ते काम फोनवर आधीच केलंय.

मी नर्स. दीड वर्षापासून श्टुटगार्टजवळच्या एका खेड्यात वृद्धाश्रमात नोकरी करते. वर घरमालकीण आजी राहतात, खाली मी. बोलता बोलता त्यांना सांगून बसले की माझं हिमोग्लोबिन ९.८ आलंय. परवा रात्रपाळीहून आले तर दाराच्या कडीला पिशवी. आजींच्या भाच्याने शेतावर डुक्कर कापलं होतं. आत मेणकागदाची दोन पुडकी आणि वर पेन्सिलने लिहिलेलं, "२ हेर्त्स". हेर्त्स म्हणजे हृदय, आणि जर्मन पत्त्यांतले बदामसुद्धा. रात्रभर जागलेल्या डोक्याला क्षणभर वाटलं, आजी रमी खेळायला बोलावताहेत.

आजींनी गुलाश (मांसाचा दाट रस्सा) कर म्हणून सांगितलंय. गुलाश मी वृद्धाश्रमात आठवड्यातून एकदा बघते, आता घरीही तेच नको. आमच्या घरी रविवारी मटण असायचं, बाबांना काळीज वेगळं परतून लागायचं, तेवढा माझा अनुभव. डुकराचं काहीच कधी केलेलं नाही. दोन्ही मिळून साधारण साडेसहाशे ग्रॅम भरतील. साफ कसं करायचं, वास मारतो का, कुकरला किती शिट्ट्या? आणि याने खरंच रक्त वाढतं की नुसतं आजीबाईचं म्हणणं?

सोलापुरी_चादर

आधी एक स्पष्ट करा ताई. काळीज म्हणताय ते कलेजी की दिल? मराठीत काळीज तुटतं तेव्हा ते हृदय असतं आणि मटणाच्या दुकानात मागितलं की खाटीक कलेजी देतो. खाटकाच्या भाषेत हृदय म्हणजे दिल. दिल, गुर्दा, कलेजी, फेफसं, वजडी, सगळ्यांची तऱ्हा वेगळी. कलेजी पाच मिनिटांत होते, दिल नाही.

आम्ही वडार. आमच्याकडे डुकराचं मटण म्हणजे नेहमीचंच, शी बिशी काही नाही. शाळेत असताना मात्र डब्यात काय आहे ते मित्रांना सांगायचो नाही, आज इथे उघड लिहितोय.

आजोबांची एक सवय होती. डुक्कर घेण्याआधी त्याची जीभ बाहेर ओढून खालची बाजू बघायचे. साबुदाण्यासारखे दाणे दिसले की सौदा रद्द. ते फीतकृमीच्या अळ्यांचे कोष असतात, जिभेत आणि दिलात हमखास बसतात. तुमच्याकडे सरकारी तपासणी होत असणार, तरी कापल्यावर मांसात पांढरे गोलसर दाणे दिसले तर सरळ फेकून द्या. शिजवून चालतं वगैरे ऐकू नका.

आमच्या घरची पद्धत: बारीक तुकडे, मीठ-हळद, भरपूर लसूण, आणि काळा मसाला शेवटी. ज्वारीच्या भाकरीबरोबर. पीठ मिळतं का तिकडे?

बॉटल_मसाला

अगं पोरी, दिल मिळालंय तर सोरपोतेल कर! नुसतं परतून काय खातेस.

मी वसईची, नंदाखालकडची. आमच्यात लग्न किंवा नाताळ सोरपोतेलाशिवाय होत नाही, सोबत फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे. गोव्यात सान्ना (तांदळाच्या वाफवलेल्या इडल्या) घेतात. नाव पोर्तुगीजांचं, पण आज पोर्तुगालचा माणूस आमचं सोरपोतेल खाईल तर पाणी मागेल. यात मांस, चरबी, कलेजी आणि दिल सगळं पडतं. पूर्वी रक्तही घालायचे. माझ्या सासूबाई घालायच्या, मी सोडलं.

दिल का लागतं ते सांगते. कलेजी शिजून शिजून रश्शात विरघळते, तिने रस्सा दाट होतो. चरबीने तोंड भरतं. पण दाताखाली काहीतरी यायला नको? ते काम दिलाचं. ते कितीही शिजवलं तरी मोडत नाही, चावायला घट्ट राहतं. लग्नाच्या आदल्या रात्री पुरुषमंडळी पाट घेऊन कापायला बसायची, तुकडा काबुली चण्याएवढा. कोणी मोठा कापला तर माझी आत्येसासू ताटातून उचलून परत त्याच्याच पाटावर ठेवायची.

आता कृती. दिल उभं चिरून पुस्तकासारखं उघड. वरच्या बाजूच्या जाड पांढऱ्या नळ्या आणि कडक चरबी काढून टाक. आतल्या खोबणीत रक्ताच्या गाठी असतात, त्या बोटाने उकरून काढ. वास मारतो तो त्या गाठींचा, मांसाचा नाही. वाहत्या पाण्याखाली धू, मग मीठ आणि थोडं व्हिनेगर लावून अर्धा तास ठेव.

नंतर अख्खंच मिठाच्या पाण्यात वीस मिनिटं उकळ, फेस काढत राहा. गार झालं की काप. कच्चं कापायला जाशील तर सुरीखाली घसरतं, बारीक होत नाही. पाणी फेकू नकोस, गाळून ठेव. तुकडे डुकराच्या चरबीत तांबूस होईपर्यंत परत. तुझ्याकडे नुसतं दिल आहे, म्हणून पोटाकडचं चरबीचं मांस पाव किलो तरी घे, नाहीतर कोरडं होईल.

वाटण: काश्मिरी मिरच्या दहा-बारा, जिरं एक चमचा, मिरी, चार लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा, हळद, आल्याचा तुकडा, लसणीचा अख्खा गड्डा. सगळं व्हिनेगरमध्ये भिजवून त्यातच वाट, पाणी नको. दोन कांदे परत, वाटण घाल, तेल सुटलं की मांस आणि गाळलेलं पाणी. मंद आचेवर तासभर.

आणि मुख्य गोष्ट. त्याच दिवशी खाऊ नकोस. फ्रिजमध्ये ठेव, रोज एकदा चांगली उकळी दे, तिसऱ्या दिवशी खा. पहिल्या दिवशी व्हिनेगर एकीकडे, मसाला एकीकडे. तिसऱ्या दिवशी त्यांची ओळख होते.

बॉटल मसाला (आमचा बाटलीत भरून ठेवायचा वर्षाचा मसाला) पाठवला असता, पण यंदाचा अजून कुटायचा आहे. तो मेमध्येच होतो.

निशीकासाई_लोकल

तीन दिवस थांबायची ताकद नसलेल्यांसाठी.

मी तोक्योत असतो. ऑफिस सुटल्यावर स्टेशनजवळच्या टपरीवर काडीला लावून भाजलेलं दिल खातो. त्याला म्हणतात हात्सु. हा इंग्रजी 'हार्ट्स'चाच जपानी अवतार. मसाला शून्य. अर्ध्या सेंटीमीटरच्या चकत्या, मीठ, कोळसा. वर लिंबू पिळलं की झालं.

वर लिहिलंय की दिलाला वेळ लागतो. अर्धं खरं आहे. पातळ कापून कडक तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजलं तर मऊ लागतं, किंवा मग तासभर शिजवावं लागतं. मधल्या कोणत्याही वेळेला रबर. माझ्या बायकोने एकदा दहा मिनिटं परतून मधला मार्ग काढला होता, त्याबद्दल घरात बोलायला बंदी आहे.

कच्चट ठेवू नका मात्र. इथे हॉटेलात डुकराची कच्ची कलेजी खायची हौस होती, २०१५ च्या जूनपासून कायद्याने बंद केली. थर्मामीटर असेल तर आत ७१ अंश दिसू दे.

डॉ_निवृत्त_नाही

रक्ताच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो.

हृदय हा स्नायू आहे, कलेजीसारखी ग्रंथी नाही. शंभर ग्रॅम कच्च्या डुकराच्या हृदयात प्रथिनं सुमारे १७ ग्रॅम, चरबी ४-५ ग्रॅम, लोह साडेचार-पाच मिलिग्रॅम. बी-१२ आणि रायबोफ्लेविन भरपूर. डुकराच्या कलेजीत लोह याच्या चौपट-पाचपट असतं, पण तिच्यात अ जीवनसत्त्वही इतकं असतं की गरोदरपणात टाळायला सांगतो. हृदयाची ती अडचण नाही. कोलेस्टेरॉल कच्च्या शंभर ग्रॅममागे १३० मिलिग्रॅमच्या आसपास. गाउट (युरिक ॲसिडची सांधेदुखी) असेल तर हात आखडता घ्यावा.

मांसातलं लोह पालकातल्या लोहापेक्षा चांगलं शोषलं जातं, तेव्हा आजींचं म्हणणं खोटं नाही. पण हिशोब बघा. आपल्याकडे वयात आलेल्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये ठरवलं. दोन हृदयांत मिळून तीसेक मिलिग्रॅम. ९.८ ची तूट एका पिशवीने भरून निघत नाही. नर्स आहात, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) बघितलंत का? पाळी जास्त जाते का? गोळ्या सुरू केल्यात? पेशंटला विचारता तेच स्वतःला विचारा.

आता जरा विषयांतर. माझ्या वडिलांच्या छातीत दहा वर्षं डुकराची झडप होती. वडील माळकरी, कांदासुद्धा न खाणारे. सर्जनने दोन पर्याय ठेवले: धातूची झडप आणि जन्मभर रक्त पातळ करायच्या गोळ्या, नाहीतर डुकराच्या ऊतींची. डुकराची म्हटल्यावर आम्ही सगळे खाली बघायला लागलो. वडील म्हणाले, "विठ्ठलाने वराहाचं रूप घेतलंच होतं की. बसवा." त्यानंतर दोनदा वारी केली, अर्धी बसने.

गुवाहाटीत १९९७ साली डॉ. धनीराम बरुआंनी डुकराचं अख्खं हृदयच माणसाला बसवलं होतं. रुग्ण आठवड्याभरात गेला आणि डॉक्टर तुरुंगात. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेत मेरीलँडला जनुकं बदललेल्या डुकराचं बसवलं तेव्हा रुग्ण दोन महिने जगला. आकाराने आणि रचनेने ते आपल्या इतकं जवळचं आहे.

सोलापुरी_चादर

डॉक्टर, हे वाचून आता खाववेल का हो?

डॉ_निवृत्त_नाही

मी खातो. वडिलांना माहीत नव्हतं.

मिरजकरीण

आठवड्याने लिहितेय, रात्रपाळ्या लागल्या होत्या.

डॉक्टर, तुमची बोलणी खाऊन फेरिटिन केलं. ७ आलं. गोळ्या सुरू केल्या आहेत, पोट गच्च आहे, बाकी बरं.

पहिलं दिल चिरलं आणि सुरी खाली ठेवून बघतच बसले. डावीकडची भिंत अंगठ्याएवढी जाड, उजवीकडची तिच्या निम्मीही नाही. आत झडपेचे पडदे, आणि त्यांना खाली बांधून ठेवणारे पांढरे दोरे, गोधडीच्या टाक्यांसारखे ताणलेले. मिरजेला दुसऱ्या वर्षाला बकऱ्याचं हृदय कापलं होतं, पण तिथे पाच मुली एका ट्रेभोवती, मला कधी पुढे जायला मिळालंच नाही. त्या दोऱ्याला बोटाने ओढलं तर पडदा हलला. आणि त्याच सकाळी मी एका आजोबांच्या कागदावर "मायट्रल गळती", म्हणजे याच झडपेची गळती, असं वाचलं होतं. स्वयंपाक पंधरा मिनिटं तिथेच अडला. साबुदाणा कुठे नव्हता.

मावशी, व्हिनेगरचा किस्सा. आजींच्या कपाटात बाटली मिळाली, ओतणार होते, लेबल वाचलं तर २५ टक्के. ते किटलीतला क्षार काढायचं! साधं ५-६ टक्क्यांचं आणलं. इकडे राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा, बाटल्या सारख्याच दिसतात.

काश्मिरी मिरच्या सहाच होत्या, बाकी हंगेरीची पापरिका. रंग आला, तिखटपणा नाही, म्हणून आईने दिलेली कांदा-लसूण चटणी दोन चमचे ढकलली. वसईकर माफ करा. घाईत कुकर लावून चार शिट्ट्यांवर उघडला. रबर. परत वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी खाल्लं तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. तिसऱ्या दिवशी मावशींचं म्हणणं पटलं: आंबटपणा रश्शात कुठेतरी मुरून गेला होता आणि दिलाचा तुकडा मात्र तसाच, कुरकुरीत नाही, मऊ नाही, दाताला टेकू देणारा. वास अजिबात नाही. ज्वारीचं पीठ नाही मिळालं, पावाबरोबर खाल्लं.

दुसऱ्यातल्या चार चकत्या हात्सुसारख्या तव्यावर भाजल्या. मला तेच जास्त आवडलं, पण मावशींना सांगू नका.

आजींना वाटीभर वर नेऊन दिलं. पहिल्या घासाला त्या खिडकीकडे बघत गप्प राहिल्या, मग उठून सगळं दही संपवलं, आणि मग वाटीही. म्हणाल्या, लढाईनंतर आमच्याकडे हेच असायचं, चांगलं मांस विकायला जायचं. आईला हे फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प, मग म्हणाली, "भांडी वेगळी ठेव."

आता भाच्याकडे पुढचं डुक्कर फेब्रुवारीत आहे आणि आजींनी विचारलंय, जीभ चालेल का. सोलापूरकर, जीभ सोलतात कशी? गरम असताना की गार झाल्यावर?