चक्रं, तिसरा डोळा आणि बौद्ध साधना: ही सांगड कुणी घातली?

पिंपळपान
ध्यानशिबिरांच्या जाहिरातींत हल्ली एक ठरलेलं चित्र असतं. पद्मासनातले बुद्ध, पाठीच्या कण्यावर इंद्रधनुष्याच्या रंगांची सात चक्रं, कपाळावर उघडा डोळा आणि खाली 'बुद्धांची प्राचीन चक्रसाधना'. माझं स्पष्ट मत आहे की हे बुद्धांच्या माथी मारलेलं आहे.

सतिपट्ठान सुत्त, म्हणजे बुद्धांचा सजगतेवरचा उपदेश, उघडून बघा. श्वास, उठणं-बसणं, केस-नखं-दात-त्वचा करत शरीराचे घटक, चार धातू (पृथ्वी, आप, तेज, वायू), स्मशानात सडणारं प्रेत, मग वेदना (सुख-दुःखाची जाणीव), चित्त आणि धम्म (मनाचे विषय). शरीराकडे इतक्या बारकाईनं बघायला सांगणाऱ्याला चक्रं सांगायची असती, तर ती इथे आली असती. एकही नाही. सहा चक्रं आणि वर सहस्रार ही मांडणी जगभर गेली ती १५७७ च्या 'षट्चक्रनिरूपण' या शाक्त (देवीउपासक) ग्रंथातून. त्याचं इंग्रजी भाषांतर १९१९ मध्ये आलं. इंद्रधनुष्याचे रंग तर त्यानंतर पश्चिमेत चढले.

आणि बुद्धमूर्तीच्या भुवयांमधला ठिपका म्हणजे ऊर्णा, पांढऱ्या मऊ केसांचा झुबका. महापुरुषाच्या ३२ लक्षणांपैकी एक. तो डोळा नाही.

हिमरेखा
असहमत. पाली सुत्तांपाशी, म्हणजे बुद्धांच्या जुन्या उपदेशांपाशी, बौद्ध धर्म संपतो, असं तुम्ही आधीच ठरवून टाकलंय. वज्रयानाचं, म्हणजे तिबेटमध्ये रुजलेल्या तांत्रिक बौद्ध परंपरेचं काय? तिच्या हेवज्र तंत्र या ग्रंथात चार चक्रं येतात: नाभीत ६४ पाकळ्यांचं निर्माणचक्र, हृदयात ८ पाकळ्यांचं धर्मचक्र, कंठात १६ पाकळ्यांचं संभोगचक्र आणि मस्तकात ३२ पाकळ्यांचं महासुखचक्र. हे तंत्र तुमच्या १५७७ च्या ग्रंथाहून कित्येक शतकं जुनं आहे. कालचक्र तंत्रात सहा चक्रं आहेत. नारोपा या भारतीय सिद्धांच्या सहा योगांतला पहिला चांडाली, म्हणजे तिबेटी लोकांचा तुम्मो, आतल्या उष्णतेची साधना. तो नाभीचक्राशिवाय होतच नाही. चक्रं बाहेरून आणून चिकटवली म्हणणं म्हणजे अर्ध्या आशियाची साधना पुसून टाकणं.

तिरकस
एकाकडे ४, दुसऱ्याकडे ६, जाहिरातीत ७. एकदाचा एक्स-रे काढून आकडा फायनल करा की.

हिमरेखा
@तिरकस, विनोद ठीक, पण मुद्दा नेमका तिथेच आहे. आकडा तंत्रागणिक बदलतो आणि परंपरेला त्याची अडचण होत नाही. चक्र हा सापडायचा अवयव नाहीच. साधक शून्यतेतून (कशालाच स्वतंत्र अस्तित्व नाही या जाणिवेतून) देवतेचं रूप उभं करतो, त्या देहात नाड्या-चक्रं कल्पितो, वायू मधल्या अवधूती नाडीत आणतो आणि शेवटी सगळं परत शून्यतेत विरवतो. निर्माण, धर्म, संभोग ही नावं बुद्धाच्या कायांची (रूपांची) आहेत, हेही बघा. चार चक्रांना चार आनंद जोडलेले आहेत: आनंद, परमानंद, विरमानंद, सहजानंद. हा शरीरशास्त्राचा तक्ता नाही.

पिंपळपान
मग तुम्ही माझ्याच बाजूनं बोलताय. वज्रयानात हे करायला आधी अभिषेक (दीक्षा) लागतो, गुरू लागतो, बोधिचित्त (सगळ्यांसाठी बोधी मिळवण्याचा संकल्प) लागतं, शून्यतेची समज लागते. ते सगळं वगळून दोन दिवसांत 'मूलाधार मोकळा करा, आर्थिक अडचणी जातील' हे कोणत्या तंत्रात आहे? माझी तक्रार हेवज्राबद्दल नाहीच.

हिमरेखा
पण धागा काढताना हेवज्राचा उल्लेखही केला नाहीत. 'बुद्धांच्या माथी मारलेलं' हे वाक्य सगळ्यांनाच लागू पडतं.

सम्यक
दोघांनीही एक सोपी गोष्ट सोडली. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये अलौकिकावरचा विश्वास म्हणजे धम्म नव्हे, असं स्वच्छ सांगितलंय. त्या कसोटीवर चक्र, तिसरा डोळा आणि सुत्तांतला दिव्यचक्षू (साध्या डोळ्यांना न दिसणारं बघण्याची शक्ती) सगळेच बाद. पाली म्हणून एकाला सूट का?

पिंपळपान
@सम्यक, दिव्यचक्षू सुत्तांत आहे, तो मी लपवणार नाही. बोधीच्या रात्री दुसऱ्या प्रहरात जीव कर्मानुसार मरताना-जन्मताना दिसले, असंच वर्णन आहे. पण त्याचं स्थान बघा. सुसीम सुत्तात सुसीम नावाचा भिक्खू अर्हत (मुक्त झालेल्या) भिक्खूंना विचारतो, तुम्हाला दिव्यचक्षू आहे का? ते म्हणतात, नाही. प्रज्ञेनं मुक्त झालो. म्हणजे मुक्तीला त्याची गरज नाही. उलट न मिळालेल्या अलौकिक सिद्धीचा जाणूनबुजून खोटा दावा केला, तर भिक्खू संघातून कायमचा बाद, हा चौथा पाराजिक, म्हणजे सर्वात गंभीर गुन्ह्यांपैकी एक. 'माझा तिसरा डोळा उघडला' म्हणत फोटो टाकणाऱ्यांनी हा नियम एकदा वाचावा.

रात्रपाळी
मी ग्रंथ वाचलेले नाहीत, पण रोज बसतो. काही दिवसांपासून भुवयांच्या मध्ये दाब येतो, मिटल्या डोळ्यांसमोर पांढरा उजेड पसरतो. शिकवणारे म्हणाले, आज्ञाचक्र जागं होतंय. तुम्ही सगळे म्हणताय असं काही नसतंच. मग हे काय आहे?

पिंपळपान
उजेड खोटा आहे असं कुणी म्हणत नाही. पाली भाष्यकार बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग या ग्रंथात आनापानाच्या (श्वासध्यानाच्या) निमित्ताची, म्हणजे ध्यानात दिसणाऱ्या खुणेची, यादीच दिली आहे: कुणाला तारा, कुणाला मोती, कुणाला धुराचा लोट, कोळ्याचं जाळं, रथाचं चाक, चंद्रबिंब. ज्याची जशी संज्ञा (मनाची ओळखण्याची धाटणी) तसं दिसतं. बुद्धांचे शिष्य अनुरुद्धांनाही उजेड आणि रूपं दिसायची आणि नाहीशी व्हायची. दिव्यचक्षूत अग्रगण्य म्हणून पुढे ज्यांचं नाव झालं, तेच हे अनुरुद्ध. बुद्धांनी त्यांना कुठलं केंद्र उघडलं ते सांगितलं नाही. शंका, आळस, भीती, हुरळून जाणं असे चित्ताचे मळ एकेक करून शोधायला लावले. उपक्किलेस सुत्त वाचा. तुमच्या कपाळापेक्षा तुमच्या हुरळण्याकडे बघा, एवढंच सांगेन.

गोधूळ
थेरवादात, म्हणजे पाली सुत्तं मानणाऱ्या परंपरेत, शरीरातली केंद्रं नाहीत असं म्हटलं तर तेही पूर्ण खरं नाही. थायलंडमधल्या वाट पाकनाम विहाराचे भिक्खू लुआंग पू सोध यांच्या पद्धतीत नाकपुडीपासून खाली येत सात स्थानं आहेत. सातवं नाभीच्या दोन बोटं वर, चित्त तिथे ठेवायचं. झेनमध्ये नाभीखालचा तांदेन, म्हणजे चित्त ठेवायचं केंद्र, आहेच. लोक बसतात तेव्हा देहात कुठेतरी बसतातच.

पिंपळपान
स्थान आणि चक्र यात फरक आहे. चित्त टेकवायला जागा हवी, ती नाकाचं टोक असो की नाभी. त्या जागेला रंग, बीजमंत्र आणि पगारवाढ जोडली की तो दुसरा धंदा झाला.

हिमरेखा
बीजमंत्राला धंदा म्हणू नका. हेवज्रात चक्रांवर बीजाक्षरं आहेत.

तिरकस
तिसऱ्या डोळ्याच्या धंद्याला तिबेटी मुलामा १९५६ पासूनचा आहे. लोबसांग राम्पा या नावानं एक पुस्तक आलं. लामांनी कपाळाला भोक पाडून तिसरा डोळा उघडला अशी गोष्ट त्यात होती. पुढे १९५८ मध्ये उघड झालं की लेखक सिरिल हॉस्किन नावाचा इंग्रज गृहस्थ. तरी पुस्तक खपायचं थांबलं नाही.

हिमरेखा
आणि खऱ्या तिबेटी चित्रांत श्वेततारा या देवीला सात डोळे असतात. तीन चेहऱ्यावर, दोन तळहातांवर, दोन तळपायांवर. करुणेनं सगळीकडे बघते म्हणून.

तिरकस
तळपायाचा डोळा उघडून देणारं शिबिर मात्र अजून निघालं नाही.

रात्रपाळी
बरं, पण दाबाचं काय करू? आता दुखायलाही लागलंय.

गोधूळ
कपाळावर लक्ष ठेवणं आजच थांबवा. हाकुइन या जपानी झेन गुरूंनाही अतिध्यानानं डोकं तापण्याचा त्रास झाला होता. त्यावर त्यांनी सांगितलेला उपाय म्हणजे चित्त खाली, नाभीखाली उतरवणं. डोक्यावर ठेवलेला लोण्याचा गोळा वितळून अंगभर ओघळतोय अशी कल्पना करायची. आणि दुखणं राहिलंच तर डॉक्टरकडे जा.

पिंपळपान
डॉक्टरचं बरोबर. पण एक कल्पना सोडवायला दुसरी कल्पना कशाला? नुसता श्वास बघा, जसा येतो तसा.

हिमरेखा
श्वास नाकाशीच बघा हीदेखील एक सूचनाच आहे की.