टेक्स्चर चढवतात, पण पोत कसा चढवणार?

चरखा: गिंप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये संगणकावरच्या खेळातल्या अंतराळयानांची टेक्स्चरं, म्हणजे त्रिमित आकारावर चढवायची सपाट चित्रं, कशी बनवायची, याची एक इंग्रजी शिकवणी मराठीत आणतोय. ‘यानाच्या कवचावर पोत चढवा’ असं लिहिलं, तर तपासणाऱ्या मैत्रिणीने लाल रेघ मारली. म्हणे, मुलामा चढवतात, रंग चढवतात. पोत अंगचाच असतो. मी आजवर टेक्स्चर म्हणजे पोत असंच धरून चाललोय. शब्द 63 ठिकाणी आलाय, म्हणून आधीच विचारतो.

बोरूबहाद्दर: पोतच ठेवा. टेक्स्चरच्या मुळाशी लॅटिनमधला ‘विणणे’ आहे, टेक्स्टाइल त्याच घरातलं. आपला पोतही कापडाचाच. इतका नेमका प्रतिशब्द हाताशी असताना टेक्स्चर कशाला?

थरावरथर: मैत्रिणीचं बरोबर आहे. मी हेच काम करते. 2048 बाय 2048 पिक्सेलचा चौकोन घ्यायचा, राखाडी ओतायचा, त्यावर नॉइज, म्हणजे विखुरलेले ठिपके, मग एकाच दिशेने मोशन ब्लर, म्हणजे ते ठिपके फराट्यांसारखे पुसट करायचे. घासलेला पत्रा दिसायला लागतो. त्यावर दोन पिक्सेलची काळी रेघ, तिला खेटून एक पिक्सेलची पांढुरकी; झाली दोन पत्र्यांमधली खाच. आता पडद्यावर बोट फिरवा, काचच लागेल! हे पोताचं सोंग आहे. शिवाय खिडक्या, जळल्याचे डाग, यानाचा क्रमांक, सगळं त्याच चित्रात. क्रमांक हा कुठला पोत?

बोरूबहाद्दर: खळ देऊन विरविरीत कापडाला पोत आणतातच की. धुतलं की जातो. तेही सोंगच, पण शब्द तोच. फार तर ‘पोतचित्र’ करा.

थरावरथर: पोतचित्र ऐकून माझ्या टीममधलं कुणीही मान वर करणार नाही.

सहज_डोकावलो: गंमत म्हणजे संस्कृतात पोत म्हणजे जहाज. हिंदीत जलपोत अजून चालतो. तेव्हा ‘अंतराळपोताचा पोत’ लिहा, कुणाला काही कळणार नाही आणि भाषा शुद्ध राहील.

उलटतपासणी: पोतारणं, पोतेरं यांचाही विचार व्हावा. भिंतीवर हात फिरवला की जे उमटतं ते पोत, असा माझा जुना सिद्धांत आहे. मग ‘चढवणं’ही बसतं.

बोरूबहाद्दर: सिद्धांत नव्हे, अंदाज. उच्चार जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही.

उलटतपासणी: तुमच्या लॅटिन सोयरिकीपेक्षा बरा.

कानामात्रा: प्रतिशब्दांच्या हौसेची माझी कबुली. सपाट चित्राचा कुठला भाग आकारावर कुठे बसतो ते सांगतो तो ‘यूव्ही मॅप’. अशाच एका मजकुरात मी त्याचं ‘अतिनील नकाशा’ केलं होतं. एक्स, वाय, झेड ही अक्षरं त्रिमितीत खर्ची पडलेली, म्हणून सपाट चित्राच्या अक्षांना यू आणि व्ही म्हणतात, एवढंच. त्याच पानावर ‘नॉर्मल मॅप’चं ‘सामान्य नकाशा’. तिथला नॉर्मल म्हणजे पृष्ठभागाला लंब, शाळेच्या विज्ञानातली स्तंभिका! हा मॅप दिसतो जांभळट निळ्या चौकोनासारखा; त्याला सामान्य का म्हणायचं, असं एका वाचकाने विचारलं तेव्हा कुठे ट्यूब पेटली. तेव्हापासून मी टेक्स्चरला टेक्स्चर म्हणतो.

चरखा: बरं, पुढची अडचण. सीमलेसला ‘बिनजोड’ लिहिलंय.

सहज_डोकावलो: बिनजोड टेक्स्चर! म्हणजे पंचक्रोशीत ज्याला तोड नाही असं?

थरावरथर: ‘बेमालूम’ म्हणा. चित्र अर्ध्याने सरकवलं की चारी कडा मधोमध येतात आणि सांध्याची फुली दिसते. ती क्लोनच्या ब्रशने, म्हणजे चित्रातलाच दुसरा तुकडा उमटवून, बुजवायची. बुजवल्याचं कळता कामा नये, मग शेजारी शेजारी कितीही लावा. रफू जमला की आपण बेमालूमच म्हणतो.

बोरूबहाद्दर: शब्द सुरेख, पण बेमालूम फारसीतून आलाय हे तुम्हाला चालतं आणि पोत मात्र नको!

थरावरथर: मला पोतही चालतो हो. यान लांबून बघितल्यावर जो जाणवतो, तो पोत. मी फायलीत साठवते ते टेक्स्चर. दोन्ही शब्द लागतात.

कानामात्रा: आणि ‘ते’ टेक्स्चर ना? आमच्याकडे सगळे ‘तो’ म्हणतात. अनेकवचन टेक्स्चरं की टेक्स्चर्स?

उलटतपासणी: ‘ती’ म्हणणारेही पाहिलेत मी. फाइल ती, म्हणून.

बोरूबहाद्दर: पाहुण्याला घरात घेतलं की असं होतं. पोताचं लिंग कधी कुणाला विचारावं लागलं का?

सहज_डोकावलो: लागतं की. कापडाचा तो पोत, गळ्यातली ती पोत.

चरखा: तूर्त थरावरथर यांची विभागणी धरून 63 पैकी 50 ठिकाणी टेक्स्चर केलं, 13 ठिकाणी पोत ठेवला. मैत्रिणीने ते सोडलं. आता लाल रेघ ‘शिकवणी’खाली आहे. म्हणे, शिकवणी लावतात, ती वाचत नाहीत.

बोरूबहाद्दर: ‘पाठ’ लिहा.

थरावरथर: ट्यूटोरियल.