पासवर्ड दोनदा बदलला, तरी कोणीतरी माझे मेल वाचतंय

शाईपेन :

नमस्कार. मी घरून भाषांतराचं काम करते. गेल्या ११ वर्षांतली सगळी कामं एकाच मेलवरून आली-गेली आहेत. त्या मेलमध्ये कोणीतरी शिरलंय आणि मला त्याला बाहेर काढता येत नाहीये, म्हणून हा धागा.

मागच्या आठवड्यात मी ज्यांच्यासाठी नेहमी काम करते त्या बाईंचा फोन आला : "पैसे तुमच्या नव्या खात्यात टाकलेत, मिळाले ना?" मी कुठलंच नवं खातं दिलं नव्हतं. त्यांनी तो मेल मला परत पाठवला. गेलेला माझ्याच पत्त्यावरून. माझ्याच इनव्हॉइसचा नमुना, तोच अनुक्रमांक, शेवटी माझं नेहमीचं "कळावे". बदललेली गोष्ट एकच, खाते क्रमांक. आणि वर एक ओळ : "जुन्या खात्यात तांत्रिक अडचण असल्याने यापुढे कृपया या खात्यात रक्कम जमा करावी." हे वाक्य मी लिहिलेलं नाही, पण लिहिलं असतं तर अगदी असंच लिहिलं असतं. माझे जुने मेल नीट वाचल्याशिवाय हे कुणाला जमणार नाही. माझ्या पाठवलेल्या मेलच्या यादीत मात्र तो मेल नाही.

त्याच संध्याकाळी पासवर्ड बदलला. दोन दिवसांनी दुसऱ्या एका संपादकांनी विचारलं, "तीन मेल केले, उत्तर का नाही?" त्या तिन्हींतला एकही मला दिसला नव्हता. परत पासवर्ड बदलला, या खेपेला १६ अक्षरांचा, आणि लॉगिन करताना फोनवर कोड येण्याची सोयही चालू केली. काल पुन्हा तेच : बाईंनी पाठवलेली पैशांची पावती माझ्यापर्यंत आलीच नाही.

अँटिव्हायरस सगळं ठीक असल्याचं सांगतो. मग हे लोक येतात कुठून? लॅपटॉप पुसून काढायला सांगणार असाल, तर त्यावर माझा १४ हजार शब्दांचा पारिभाषिक संग्रह आहे. तो गेला तर माझं अर्धं काम गेलं.

उंबरठा :

आधी मेलच्या सेटिंगमध्ये जा आणि फिल्टर, रूल, फॉरवर्डिंग या तीन ठिकाणी बघा. आत शिरलेला माणूस बहुतेक वेळा एक रूल लावून ठेवतो : अमुक शब्द असलेला मेल आला की तो इनबॉक्समध्ये न येता दुसऱ्या फोल्डरमध्ये जावा, वाचलेला दिसावा आणि त्याची प्रत बाहेरच्या पत्त्यावर जावी. पासवर्ड शंभरदा बदलला तरी हा रूल जागचा हलत नाही. तुमचे न मिळालेले मेल आर्काइव्हमध्ये किंवा कचऱ्यात सापडतील असं वाटतंय. बघून इथेच सांगा.

शिस्तप्रिय :

माझा नियम साधा आहे. दर महिन्याला सगळे पासवर्ड बदलायचे, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. आमच्या ऑफिसातही हेच आहे. इतकी वर्षं काही झालं नाही.

तळघर :

शाईपेन, १४ वर्षं सर्व्हर सांभाळण्याच्या नोकरीत आहे, त्या अनुभवावरून सांगतो. उंबरठा यांनी सांगितलेलं आजच करा. पण त्याआधी दोन गोष्टी.

पहिली : बाईंना त्यांच्या बँकेत लगेच कळवायला सांगा. उद्या नाही, आत्ता. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाईपर्यंतच ते अडवता येतात. सोबत पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार. आणि तो बनावट मेल त्यांनी मुळीच पुसू नये. मेलच्या हेडरमध्ये तो कोणत्या सर्व्हरवरून कधी निघाला याची नोंद असते. तुमच्याकडची प्रत चोराने पाठवल्या पाठवल्या पुसली असणार, म्हणून ती यादीत दिसत नाही.

दुसरी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची : नवे पासवर्ड तुम्ही कोणत्या यंत्रावरून टाकलेत? त्याच लॅपटॉपवरून? लॅपटॉपमध्येच काही बसलेलं असेल, तर नवा पासवर्ड तुम्ही स्वतःच्या हाताने त्याला पुरवताय. गेल्या तीन-चार महिन्यांत काय-काय डाउनलोड केलं ते आठवा. फुकटचं सॉफ्टवेअर, क्रॅक (म्हणजे परवाना तोडलेलं सॉफ्टवेअर), एखादा छोटासा कन्व्हर्टर, काहीही.

शिस्तप्रिय, तुमच्या नियमाबद्दल आदर राखून असहमती. मोठं अक्षर, आकडा, चिन्ह हा सल्ला अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २००३ च्या दस्तऐवजातून जगभर पसरला. २०१७ साली त्याच संस्थेने तो मागे घेतला : ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, गळतीची शंका असेल तेव्हाच बदला, आणि चिन्हांच्या सक्तीपेक्षा लांबीकडे बघा. मूळ दस्तऐवज लिहिणाऱ्या गृहस्थांनीही त्या वर्षी वर्तमानपत्राशी बोलताना जुन्या सल्ल्याचा पश्चात्ताप होतो असं सांगितलं. कारण आम्ही रोज बघतो तेच. महिन्याला बदलायला लावलं की लोक शेवटचा १ काढून २ करतात, आणि तो अंदाज चोरालाही करता येतो.

शाईपेन :

उंबरठा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. रूल सापडला. एक नाही, दोन. पहिल्यात "इनव्हॉइस", "पेमेंट", "खाते" हे शब्द मराठीत आणि इंग्रजीतही घातलेत. असे मेल थेट आर्काइव्हमध्ये जातात, वाचलेले म्हणून. तिथे संपादकांचे तिन्ही मेल होते, पावतीही होती. दुसरा रूल बाईंच्या पत्त्यावरून येणारी प्रत्येक गोष्ट एका अनोळखी पत्त्यावर पाठवत होता. त्यात भर म्हणजे खातं परत मिळवण्यासाठी जो फोन नंबर नोंदवलेला असतो, तिथे माझ्या नंबरखाली आणखी एक नंबर होता. माझा नसलेला.

रूल काढण्याआधी उंबरठांनी व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) सांगितल्याप्रमाणे सगळ्याचे स्क्रीनशॉट घेतले. बाई बँकेत गेल्या आहेत.

तळघर, तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही, कारण उत्तर आठवलं. अडीच महिन्यांपूर्वी एक जुनं हस्तलिखित आलं होतं, युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या संकेतप्रणालीच्या) आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं. उघडलं की नुसती चिन्हं दिसत. ते युनिकोडमध्ये बदलण्यासाठी शोधून एक कन्व्हर्टर उतरवला. झिप फाइल होती, तिला पासवर्ड होता आणि तो त्याच पानावर लिहिलेला होता. चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर तो चुकून अडवतो, असंही लिहिलं होतं. मी बंद केला. कन्व्हर्टर चाललाच नाही, खिडकी उघडून मिटली. मी विसरून गेले.

तळघर :

तोच. झिपला पासवर्ड ठेवतात तो अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून. आणि जे सॉफ्टवेअर राखणदाराला आधी घराबाहेर काढायला सांगतं, ते उघडायचंच नाही. खिडकी मिटली त्या काही सेकंदांत त्याचं काम झालं असणार.

या जातीच्या प्रोग्रॅमना इन्फोस्टीलर म्हणतात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड ते उचलतात, पण त्याहून वाईट म्हणजे कुकी उचलतात. तुम्ही एकदा लॉगिन केलंत की सर्व्हर तुमच्या ब्राउझरला एक खूणचिठ्ठी देतो, तीच ही कुकी, म्हणजे दर क्लिकला पासवर्ड विचारावा लागत नाही. ती चिठ्ठी ज्याच्या हातात, त्याला पासवर्डही लागत नाही आणि फोनवरचा कोडही. तो दारातून येतच नाही, आधीच आत असलेल्या माणसाच्या नावाने वावरतो. "कोड चालू केला तरी कसे आले" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे असू शकतं. बरेचदा ही मंडळी माल उचलून स्वतःला पुसूनही टाकतात, त्यामुळे नंतरच्या तपासणीत काही सापडत नाही. अँटिव्हायरसच्या "ठीक"वर विसंबू नका.

आता क्रम, आणि तो उलटा करू नका. लॅपटॉपचं वायफाय बंद. घरातल्या दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून, फोन चालेल, मेलमध्ये जाऊन "सगळीकडून साइन-आउट" करा. त्याने जुन्या चिठ्ठ्या रद्द होतात. मग तो अनोळखी नंबर काढा, खात्याला जोडलेली अनोळखी अॅप्स काढा, आणि मग पासवर्ड. मेलचा सगळ्यात आधी, कारण बाकी प्रत्येक खात्याचा "पासवर्ड विसरलात?" हा दुवा मेलवरच येतो. त्यानंतर बँक, त्यानंतर उरलेले. कन्व्हर्टर चालवला त्या दिवशी ब्राउझरमध्ये जे-जे साठवलेलं होतं ते सगळं गेलं असं धरून चाला.

लॅपटॉप पुसावाच लागेल, विंडोज नव्याने टाकावं लागेल. पण तुमचा संग्रह जाणार नाही. साधी एक्सेल फाइल, वर्डची कागदपत्रं, पीडीएफ, फोटो कोऱ्या हार्ड डिस्कवर घ्या. मॅक्रो (फाइलच्या आत दडलेला छोटा प्रोग्रॅम) असलेली फाइल आणि कुठलीही .ईएक्सई, म्हणजे चालवायची प्रोग्रॅम फाइल, मात्र घेऊ नका, आणि नव्या विंडोजवर उघडण्याआधी डिस्क तपासून घ्या. तो कन्व्हर्टर तर चुकूनही नाही.

पाणपोई :

मी हिशेब खात्यात काम करते, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते. खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला की आम्ही फोन करतो. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आमच्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर, आणि ओळखीचा आवाज ऐकल्याशिवाय पैसे सोडत नाही. शाईपेनताई, तुमच्या सगळ्या ग्राहकांना आजच एक ओळ कळवा, जमलं तर फोनवरच : माझं खातं बदललं तर मी स्वतः बोलून सांगेन, मेलवर कधीच नाही.

आणि त्या बाईंना फार अपराधी वाटत असेल तर हे जरूर सांगा. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियातल्या एका माणसाने गुगल आणि फेसबुक या दोन कंपन्यांना हार्डवेअर पुरवठादाराच्या नावाने खोटी इनव्हॉइस पाठवून १२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली होती. २०१९ मध्ये त्याला ५ वर्षांची शिक्षा झाली. जिथे सुरक्षेसाठी वेगळा विभाग आहे तिथेही एक नीटस कागद चालून गेला.

उंबरठा :

एक भर. फोनवर एसएमएसने येणाऱ्या कोडपेक्षा ऑथेंटिकेटर अॅप घ्या. दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड फोनमध्येच तयार होतो, त्याला नेटवर्क लागत नाही आणि कोणी तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं तरी तो त्याला मिळत नाही. मेलवर पासकीची सोय असेल, म्हणजे पासवर्डऐवजी तुमच्या यंत्रातच राहणारी डिजिटल किल्ली, तर तीच घ्या. पासकी खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते. हुबेहूब दिसणारं खोटं पान उघडलंत तरी ती तिथे चालतच नाही, म्हणजे माणसाची नजर चुकली तरी कुलूप चुकत नाही. चोरलेल्या कुकीवर मात्र यातलं काहीच चालत नाही. त्याला तळघर यांचाच उपाय.

शिस्तप्रिय :

तळघर, तुमचं म्हणणं पटलं. ऑफिसातही मांडणार आहे. पण इतके लांब, वेगवेगळे पासवर्ड लक्षात कसे ठेवायचे? माझ्या आई-वडिलांना पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड साठवून ठेवणारं अॅप) झेपणार नाही.

तळघर :

त्यांना वही द्या, मनापासून सांगतोय. घरातल्या कपाटातली वही परक्या देशातल्या चोराला वाचता येत नाही. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड, चार-पाच असंबद्ध शब्द जोडून केलेला, आणि तो वहीत. एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. ज्यांना झेपतं त्यांनी पासवर्ड मॅनेजर वापरावा. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे खोट्या पत्त्यावर तो आपणहून पासवर्ड भरत नाही.

शाईपेन :

पाच दिवसांनी लिहितेय. बाईंच्या बँकेने पुढच्या खात्यातली रक्कम गोठवली आहे. सगळी नाही, काही त्याआधीच निघून गेली होती. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्याने जास्त वाईट वाटलं. मी त्यांना पाणपोईंचा प्रतिसाद वाचून दाखवला.

विंडोज नव्याने टाकलं. २३ खात्यांचे पासवर्ड बदलले, फोनवरून, दोन दिवस लागले. त्यातल्या ९ ठिकाणी जुना एकच पासवर्ड होता. ब्राउझरमध्ये आता एकही साठवलेला नाही. पासकी केली. फोन हाताशी नसेल तेव्हा लॉगिन करण्यासाठीचे आणीबाणीचे कोड छापून कपाटात ठेवले.

संग्रह वाचला. १४ हजार ओळी, एकही गेलेली नाही. आता त्याच्या तीन प्रती आहेत : लॅपटॉपवर, क्लाउडवर, आणि एका हार्ड डिस्कवर जी काम झालं की सोडवून ठेवते आणि महिन्यातून एकदा बहिणीकडे नेते.

शेवटचा प्रश्न, तळघर. त्या डिस्कवर अजून प्रसिद्ध न झालेली लोकांची हस्तलिखितं आहेत. ती माझी नाहीत. डिस्क प्रवासात हरवली तर?

तळघर :

तर ती एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी, असायला हवी. तुमचं विंडोज होम असेल तर बाहेरच्या डिस्कसाठी विंडोजचं स्वतःचं एन्क्रिप्शन, बिटलॉकर, मिळणार नाही, ते प्रोसारख्या आवृत्तीतच मिळतं. त्याच कामाचं व्हेराक्रिप्ट हे सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे, पण फक्त त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, शोधात वर आलेल्या जाहिरातीवरून नाही. आधी डिस्कवरचं सगळं लॅपटॉपवर आहे याची खात्री करा, कारण एन्क्रिप्ट करताना ती पुसली जाऊ शकते. सहा शब्दांचा पासवर्ड ठेवा. तो विसरलात तर कोणीच, मीही, ती डिस्क उघडून देऊ शकणार नाही, म्हणून कागदावर लिहा, आणि तो कागद बहिणीकडे नको, तुमच्या घरी ठेवा.