‘झेपत नसेल तर वाचू नका’ म्हणणाऱ्यांसाठी

पानगळ

परवा इथे ‘डार्क रोमान्स हे येरागबाळ्याचं काम नोहे’ अशी एक पोस्ट आली. (डार्क रोमान्स म्हणजे अपहरण, पाठलाग, जबरदस्ती असलं सगळं असलेल्या प्रेमकथा.) सारांश असा: पोटात ढवळलं नाही तर ते पुस्तक डार्कच नाही, इशाऱ्यांचं पान, म्हणजे आत कोणते त्रासदायक प्रसंग आहेत याची सुरुवातीला छापलेली यादी, वाचणारे घाबरट, आणि पुस्तक अर्धवट टाकणाऱ्यांनी या प्रकारावर मत देऊ नये. तिथेच प्रतिसाद द्यायला बसले, पण तो मारुतीच्या शेपटासारखा वाढला. म्हणून वेगळा धागा.

सहा-सात वर्षं मी हे वाचतेय. अपहरण, पाठलाग, माफिया, सूड, जबरदस्तीचं लग्न, सगळं पचवून झालंय. तेव्हा ‘बिचारी नवीन दिसते’ हे कृपया नको.

गेल्या महिन्यात एक पुस्तक ६२ टक्क्यांवर सोडलं. नाव सांगत नाही, नाहीतर पुढचे सगळे प्रतिसाद त्या लेखिकेवर येतील. त्यात नायिका झोपलेली असताना नायक तिच्या घरात शिरतो. पहिल्यांदा नुसता उभा राहून बघतो. ते ठीक. म्हणजे ठीक नाही, पण आपल्याला त्याची सवय झालीय. दुसऱ्यांदा येतो तेव्हा स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करून जातो. सकाळी तिला ठिबक ऐकू येत नाही. नळाखाली ठेवलेलं भांडं कोरडं.

हे वाचल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला, ‘किती काळजी घेतो!’ दुसरा विचार यायला अर्धं पान जावं लागलं, आणि तो आला तेव्हा मी रात्री दीड वाजता उठून दाराची कडी बघून आले. बंदुका आणि साखळदंडांनी जे कधी झालं नव्हतं, ते नळाच्या एका वायसरनं केलं.

पुढे चार प्रकरणं रेटली. मग कळलं की तो दुसरा विचार माझ्या मनात यावा अशी लेखिकेची इच्छाच नाही. मी ‘किती काळजी घेतो’वरच थांबावं असं तिला वाटतं. तिथे बंद केलं. आपली मर्यादा कुठे आहे हे आधी माहीत नसतंच, ठेच लागते तेव्हा कळतं. ठेच लागलेल्याला ‘तुला चालताच येत नाही’ म्हणणारे तुम्ही कोण?

खडूस_वाचक

ती पोस्ट माझी. ‘घाबरट’ हा शब्द मी वापरलेला नाही. ‘नाजूक’ म्हटलं होतं.

बाकी ताई, ६२ टक्क्यांवर उठलात म्हणजे हिशेब चुकता व्हायच्या आधीच उठलात. शेवटच्या भागात हाच नायक गुडघ्यांवर येतो, नाक घासतो. ते न वाचता निकाल देताय.

पानगळ

ताई म्हणू नका. आणि नाक घासल्यावर तो तिच्या घराची किल्ली परत देतो का? बहुतेक पुस्तकांत देत नाही. घर बदलून तिला आपल्याकडे आणतो.

सरळरेषा

तुमचं भांडण बघून गंमत वाटली. एक म्हणतो विष पूर्ण प्यावं, दुसरी म्हणते अर्धाच पेला पुरे. विष आहे यावर कुणी बोलायचंच नाही? जो माणूस प्रत्यक्षात समोर आला तर पोलिसांत जावं लागेल, त्याला नायक करायचं, रुंद खांदे द्यायचे, लहानपणी आईनं टाकलं होतं असं एक प्रकरण जोडायचं, की झालं सगळं माफ.

रातराणी

आले संस्कृतिरक्षक. खुनाच्या कादंबऱ्या चवीनं वाचणाऱ्याला कुणी विचारतं का, ‘काय हो, कुणाला मारायचा बेत आहे?’ बाईनं काय वाचावं याचीच चौकशी सगळ्यांना. मला कल्पनेतला आणि खरा माणूस यातला फरक कळतो. खऱ्या माणसानं नुसतं ‘कुठे आहेस’ असं लागोपाठ तीनदा विचारलं तरी मी त्याला ब्लॉक करते.

सरळरेषा

रहस्यकथेत शेवटी खुनी पकडला जातो. त्याच्याशी लग्न लागत नाही.

रातराणी

बरं. हे वाक्य चांगलं होतं. पण आयुष्यात एकदाच.

तळटीप

हे सगळं कालपरवाचं असल्यासारखं बोलताय, म्हणून थोडी भर. १७४० च्या ‘पामेला’ या इंग्रजी कादंबरीत मालक मोलकरणीच्या मागे लागतो, तिला कोंडून ठेवतो, शेवटी लग्न. १९१९ च्या ‘द शेख’मध्ये अपहरण, बलात्कार आणि मग प्रेम. दोनच वर्षांत त्यावर मूकपट आला आणि तुफान चालला. १९७२ च्या ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’मध्ये नायक सुरुवातीलाच नायिकेवर बलात्कार करतो. तेव्हा यांना कुणी ‘डार्क’ म्हणत नव्हतं, नुसतं रोमान्स म्हणत. इशाऱ्याचं पानही नव्हतं.

दुसरी बाजूही सांगतो. अमेरिकन अभ्यासक जॅनिस रॅडवेनं १९८४ च्या ‘रीडिंग द रोमान्स’ या अभ्यासग्रंथासाठी नियमित रोमान्स वाचणाऱ्या बायकांना विचारलं, गोष्टीत काय कधीच नको? बलात्कार आणि दुःखी शेवट ही उत्तरं सगळ्यांत वर होती. म्हणजे लेखक देतील ते बायका मुकाट गिळत होत्या हेही खरं नाही.

रातराणी

मग तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?

तळटीप

माहितीच्या.

खडूस_वाचक

माहिती पुरे, आता माझं मूळ दुखणं. इशाऱ्यांचं पान हा कथानकावर घातलेला दरोडा आहे. मागे एका पुस्तकात पहिल्याच पानावर छापलं होतं, ‘बहिणीचा मृत्यू, तपशीलवार’. बहीण दुसऱ्या प्रकरणात हसत हसत येते आणि मी तिच्याकडे तिरडी बांधलेली असल्यासारखा बघतोय! सत्ताविसाव्या प्रकरणात लेखिकेनं जीव ओतून तिला मारलं आणि मी म्हटलं, सुटली एकदाची. अंधारात चालायची मजा घ्यायला आलोय आणि तुम्ही हातात नकाशा कोंबताय.

रातराणी

मी ती यादी खरेदीच्या यादीसारखी वाचते. पाठलाग आहे? हो. मुखवटा आहे? हो. चला, घेतलं. इशारा कसला, जाहिरातच आहे ती. लेखिकांनाही हे माहीत आहे, म्हणून तर पोस्टरवर ठळक छापतात.

अर्धवटराव

फॅनफिक्शनवाल्यांनी, म्हणजे आवडत्या पुस्तकांतली-मालिकांतली पात्रं घेऊन स्वतः गोष्टी लिहिणाऱ्या चाहत्यांनी, हा प्रश्न कधीच सोडवलाय. ‘डेड डव्ह, डू नॉट ईट’ असा टॅगच असतो. पिशवीवर लिहिलंय आत मेलेलं कबूतर आहे. उघडलीत आणि कबूतरच निघालं तर बोंबलायचं नाही. छापील पुस्तकवाले मात्र कबुतराला गुलाबी रिबीन बांधून विकतात. मुखपृष्ठावर फुलं, कार्टूनमधली गोजिरवाणी जोडी, आणि आत तिसऱ्या पानावर प्रेत. यावर कुणी का बोलत नाही?

सरळरेषा

मी बोलतो. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीनं असंच फुलंवालं पुस्तक आणलं होतं. वाचून म्हणाली, ‘तो तिच्यासाठी एवढं करतो आणि ती उगाच भाव खाते.’ ‘एवढं’ म्हणजे काय, तर तिला तळघरात ठेवून तिच्यासाठी पुस्तकांचं कपाट आणून देतो. मला उत्तर सुचलं नाही. पुस्तक काढून घेतलं आणि दोन रात्रींत स्वतः वाचलं.

रातराणी

पूर्ण?

सरळरेषा

शत्रू ओळखून असावा.

रातराणी

आणि दुसरा भाग?

सरळरेषा

पहिला भाग अर्धवट तोडला होता. तिला गोळी लागली की त्याला, तेच सांगितलं नव्हतं. हीही एक फसवणूकच आहे.

अर्धवटराव

कुणाला लागली?

सरळरेषा

तिच्या भावाला. विषय तो नाही.

कुंपण

एरवी मी इथे फक्त वाचते. पण इशाऱ्यांची थट्टा चालली आहे म्हणून लिहिते.

मी एका माणसाबरोबर चार वर्षं काढली. तो मारायचा नाही. मी झोपल्यावर माझा हात उचलायचा, अंगठा फोनवर टेकवायचा आणि सगळं चाळून झालं की हात परत चादरीखाली ठेवायचा. अलगद. कित्येक महिने मला पत्ता नव्हता. एका रात्री जाग आली, तरी डोळे मिटून पडून राहिले. तो अंगठा कसा धरायचा ते अजून आठवतं.

बाहेर पडल्यावर वर्षभरानं मी ही पुस्तकं वाचायला लागले. मैत्रिणींना धक्का बसला. मला मात्र बरं वाटायचं, कारण यातला कितीही भयंकर नायक मी म्हणेन तेव्हा बंद होतो. पुस्तक मिटलं की तो गप्प. असं घरात कधी झालं नव्हतं.

आता इशाऱ्यांचं. बलात्काराचा प्रसंग मला वाचता येतो. फोन चाळण्याचा नाही. एका हलक्याफुलक्या, विनोदी म्हणून विकलेल्या पुस्तकात नायक गंमत म्हणून झोपलेल्या नायिकेचा फोन उघडतो. मला अर्धा तास मोरीत बसावं लागलं. ते कुठल्याच यादीत नव्हतं आणि कधी असणारही नाही.

खडूस_वाचक

तुमच्याबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं ना? यादी असून उपयोग झाला नाही.

पानगळ

त्यांनी एवढं लिहिलं आणि तुम्ही त्यातून गुण वसूल करताय?

खडूस_वाचक

गुण नाही, मुद्दा. भावना दुखावतील म्हणून मुद्दे मांडायचेच नसतील तर चर्चेच्या जागी प्रार्थना सुरू करा.

तळटीप

याबाबतीत अभ्यास खडूसरावांच्या बाजूचे आहेत, मला आवडो न आवडो. २०२३ मध्ये इशाऱ्यांवरच्या आधीच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. इशारा दिल्यानं नंतरचा त्रास कमी होतो असं दिसलं नाही. आधीची धाकधूक मात्र वाढली. आणि इशारा वाचून लोक ती गोष्ट टाळतात असंही फारसं दिसलं नाही.

कुंपण

धाकधूक मलाही होते. तरी मी यादी वाचते, कारण मग आत जायचं ते माझ्या पायांनी. झोपेत माझा अंगठा कुणी धरलाय आणि मी जागी असताना स्वतः हात पुढे केलाय, यात तुमच्या अभ्यासाला फरक दिसत नसेल तर तो अभ्यासाचा प्रश्न आहे. आणि खडूस, ज्यांना नको त्यांनी ते पान उलटावं की. पहिल्या पानाला कुलूप नसतं.

तळटीप

मान्य. त्रास किती झाला हे त्यांनी मोजलं. निवड कुणी केली हे मोजायचा तो अभ्यासच नव्हता.

सरळरेषा

कुंपण, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हे प्रौढ माणसानं स्वतःच्या मर्जीनं वाचण्याबद्दल मी यापुढे बोलणार नाही. चौदा वर्षांच्या मुलीबद्दल मात्र बोलणार. फुलांच्या मुखपृष्ठाबद्दलही.

रातराणी

मुखपृष्ठाबद्दल मीही तुमच्या बाजूनं. तारीख लिहून ठेवा.

पण पुस्तक काढून घेतलंत ती घोडचूक. ते कपाट तळघरात का होतं, एवढंच तिला विचारायचं होतं.

सरळरेषा

नंतर विचारलं. ‘दुसरा भाग तुमच्याकडे आहे का,’ असं तिनंच मला विचारलं.

खडूस_वाचक

सगळे एकमेकांच्या गळ्यात पडलेत, म्हणजे खलनायक मीच. असो. ‘अर्धवट सोडणाऱ्यांनी मत देऊ नये’ हे वाक्य मागे घेतो. ‘अर्धवट सोडणाऱ्यांनी शेवटाबद्दल मत देऊ नये’ असं वाचावं. ‘नाजूक’ मागे घेणार नाही.

पानगळ

उपकार झाले. शेवटाबद्दल मी बोललेच नव्हते, हे तुम्ही माझी पोस्ट पूर्ण वाचली असती तर कळलं असतं. ६२ टक्क्यांवर सोडलीत वाटतं.

खडूस_वाचक

हा बसला. बरं, ते नळाचं पुस्तक कुठलं? सहज विचारतोय.

पानगळ

सहज शोधा.

कुंपण

मला निरोपात पाठवाल? तो वायसर माझ्या डोक्यातून जात नाहीये. फोन आहे का त्यात, तेवढं फक्त सांगा.

पानगळ

पाठवलं. फोन आहे, एकोणिसाव्या प्रकरणात. ते अख्खं सोडा, पुढचं कळायला अडचण येत नाही. नळ एकविसाव्यात आहे. पंचविसाव्याच्या पुढचं मला माहीत नाही.

खडूस_वाचक

झालं! सगळं फोडलं.